हातात मावणाऱ्या यंत्रावर स्पेक्ट्रम: वडिलांचा गुळाच्या पट्टीचा प्रोग्रॅम चालवताना आलेल्या अडचणी

धागाकर्ता: ट्रंकेतली_कॅसेट

नमस्कार. जुन्या घरगुती संगणकांच्या जाणकारांकडून मदत हवी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील इथे कोल्हापुरात, शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. १९८८ साली मुंबईच्या आत्याच्या यजमानांनी त्यांच्याकडचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस आम्हाला दिला. डेसिबेल्स या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या परवान्याने भारतात विकलेला तो संगणक होता. घरात सगळ्यांनी तो खेळणे म्हणूनच पाहिला, पण वडिलांनी त्याच्याबरोबर आलेले पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढले आणि दोन पावसाळ्यांत बेसिक भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्याचे गुळाचे रवे किती, एकूण वजन किती आणि सौद्यात निघालेला दर काय, हे तो विचारत असे आणि हमाली, तोलाई, अडत वजा करून पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारी, रक्कम पडद्यावर मांडत असे. दुकानात पट्टी हातानेच लिहिली जाई, पण वडील रात्री घरी येऊन दिवसभराच्या पट्ट्या या प्रोग्रॅमवर पडताळून पाहत.

त्या पट्टीवरची अक्षरे देवनागरी होती, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. स्पेक्ट्रमला देवनागरी येत नाही, मात्र वापरणाऱ्याला स्वतः आखता येतील अशी २१ चिन्हे त्यात असतात. प्रत्येक चिन्ह ८×८ ठिपक्यांचे, म्हणजे ८ बाइटांचे, आणि सगळी मिळून १६८ बाइटांची होतात. वडिलांनी माझ्या गणिताच्या चौकटींच्या वहीत ही २१ चिन्हे शिसपेन्सिलीने आखली होती आणि तेवढ्यांतच गूळ, रवे, वजन, दर, हमाली, तोलाई, पट्टी हे सगळे शब्द बसवले होते. स्पेक्ट्रमवर शेजारशेजारच्या दोन अक्षरांच्या चौकोनांत मोकळी जागा नसते, त्यामुळे प्रत्येक चिन्हाची वरची ओळ पूर्ण भरली की शिरोरेषा आपोआप सलग होते. त्यांना हे कळले त्या रात्री त्यांनी आईला झोपेतून उठवून पडदा दाखवला होता.

२०१९च्या महापुरात व्हीनस कॉर्नरजवळच्या आमच्या घराच्या तळमजल्यावर पाणी आले, त्यात संगणक आणि वहीही गेली. कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. गेल्या महिन्यात मुलीने मला जुने खेळ चालवणारे एक हँडहेल्ड यंत्र भेट दिले. त्याचा पडदा साडेतीन इंची, ६४०×४८० ठिपक्यांचा आहे, आत लिनक्स आहे आणि रेट्रोआर्क या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फ्यूज हा स्पेक्ट्रमचा एम्युलेटर, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहे. कॅसेट लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून तिची टॅप फाइल, म्हणजे कॅसेटवरच्या माहितीची संगणकी प्रत, केली आणि प्रोग्रॅम यंत्रावर सुरू केला.

प्रोग्रॅम सुरू होतो, पण तो रव्यांचा आकडा विचारून थांबतो आणि यंत्रावर आकडे टाइप करायला कळफलक नाही. शिवाय देवनागरी अक्षरांच्या जागी इंग्रजी मोठी अक्षरे कशीही विखुरलेली दिसतात. तिसरी तक्रार पडद्याची आहे. चित्र पूर्ण पडदाभर ताणले की साध्या आकड्यांच्या रेघासुद्धा कुठे जाड तर कुठे बारीक दिसतात. यंत्र खेळांसाठी उत्तम आहे, परंतु घरगुती संगणक म्हणून ते मला अर्धवट वाटते आहे. यंत्र बदलावे, की माझेच काही चुकते आहे?

रंकाळा_वारा

यंत्र बदलायचेच असेल तर नवे काही घेऊ नका, खिशातला मोबाइल वापरा. मोबाइल उभा धरला की वर स्पेक्ट्रमचे चित्र आणि खाली त्याच्या कळफलकाचे चित्र असे दोन्ही नीट मावते. स्पेक्ट्रमच्या एकेका कळीवर एक अक्षर, एक पूर्ण आज्ञा आणि शिफ्टबरोबरची आणखी काही चिन्हे छापलेली असतात. ती सगळी डोळ्यांसमोर नसतील तर कॅसेटवरून प्रोग्रॅम उतरवण्याची लोड ही आज्ञा जे या कळीवर आहे, हेसुद्धा नव्या माणसाला सापडत नाही.

सोळा_रंग

मी कमोडोर ६४ या त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती संगणकाचा वापरकर्ता आहे, तरी पडद्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, कारण आमचेही हेच दुखणे असते.

स्पेक्ट्रमचे मुख्य चित्र २५६×१९२ ठिपक्यांचे असते. तुमचा पडदा ६४०×४८०. भागाकार केला तर दोन्ही दिशांनी बरोबर अडीच येतात आणि सगळा घोटाळा या अर्ध्यातच आहे. एका ठिपक्याचे अडीच ठिपके करता येत नाहीत, म्हणून एम्युलेटर एका ठिपक्याचे तीन करतो आणि शेजारच्याचे दोन. अक्षरातला उभा दांडा सम रकान्यात आला की जाड होतो आणि विषम रकान्यात आला की बारीक, किंवा उलट. फिल्टर लावून ही तफावत झाकता येते, पण मग सगळेच धूसर होते.

उपाय सोपा आहे. खऱ्या स्पेक्ट्रमच्या चित्राभोवती रंगीत किनार असे. ती लपवू नका. डावीकडे-उजवीकडे प्रत्येकी ३२ आणि वर-खाली प्रत्येकी २४ ठिपक्यांची किनार धरली की चित्र ३२०×२४० होते आणि त्याची बरोबर दुप्पट म्हणजे तुमचा पडदा. रेट्रोआर्कच्या चित्राच्या सेटिंगमध्ये पूर्णांक पट हा पर्याय चालू करा आणि फ्यूजच्या पर्यायांत किनार लपवणे बंद ठेवा. चित्र किंचित लहान होईल, पण प्रत्येक ठिपका सारखा दिसेल. तुमच्या वडिलांची शिरोरेषा एका ठिपक्याची आहे, तिला याहून चांगला न्याय मिळणार नाही.

जाता जाता आणखी एक सांगतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या टीव्हीसाठी बनलेले हे संगणक सेकंदाला सुमारे ५० चित्रे काढत आणि अशा यंत्रांचे पडदे बहुधा ६० वेळा ताजे होतात. त्यामुळे दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवले जाते आणि सरकणाऱ्या चित्रात बारीक हिसका जाणवतो. पट्टीच्या हिशेबाला याने काही फरक पडणार नाही, पण आमच्या कमोडोरवरच्या सरकत्या पाट्या पाहताना तो हिसका डोळ्यांना फार खुपतो, म्हणून राहवले नाही.

मोड_सात

धागा वाचून शाळेची आठवण झाली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास प्रकल्पात देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक मिळाले होते आणि त्यांतल्या एका शाळेत मी होतो. आठवड्यातून एक तास, एका यंत्रामागे चौघे.

हँडहेल्डची ताकद पुरेल का, असे इथे नेहमी विचारले जाते, म्हणून सांगावेसे वाटते. तुमच्या स्पेक्ट्रमचा झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झचा होता आणि बीबीसीचा ६५०२ हा २ मेगाहर्ट्झचा. आजचे सर्वांत स्वस्त यंत्रसुद्धा याच्या शेकडो पट वेगाने चालते. शिवाय या हँडहेल्डमध्ये बहुतेक वेळा एआरएम जातीचा प्रोसेसर असतो आणि त्याची पहिली रचना बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी केली. ती कागदावरून सिलिकॉनवर जाण्याआधी तिची नक्कल बीबीसी मायक्रोवर, बीबीसी बेसिकमध्येच चालवून पाहिली होती. १९८५च्या एप्रिलमध्ये पहिली चिप हाती आली. आपण आता एआरएमवर बीबीसीची नक्कल चालवतो, तेव्हा उलटा प्रवास पूर्ण होतो. मला ही गोष्ट दर वेळी नव्याने आनंद देते.

शून्य_एक

मी तंत्रनिकेतनात शिकवते. ट्रंकेतली_कॅसेट, तुमच्या अक्षरांच्या अडचणीचे कारण मला बहुधा कळले आहे.

स्पेक्ट्रम सुरू होताना त्या २१ चिन्हांच्या जागी ए ते यू या इंग्रजी अक्षरांच्या आकृत्याच भरलेल्या असतात. प्रोग्रॅमने किंवा कॅसेटवरच्या वेगळ्या भागाने तिथे नव्या आकृत्या भरल्या नाहीत, तर ती इंग्रजी अक्षरेच दिसणार. तुम्हाला तेच दिसते आहे. म्हणजे वडिलांनी प्रोग्रॅम आणि चिन्हे वेगवेगळी साठवली असावीत: आधी बेसिक, मग १६८ बाइटांचा दुसरा भाग. तुमच्या टॅप फाइलमध्ये तो दुसरा भाग आहे का, ते पाहा. चिन्हांचा भाग उतरला नसूनही प्रोग्रॅम पुढे गेला, म्हणजे तुम्ही तो एम्युलेटरच्या झटपट लोड सोयीने उघडला असेल किंवा चूक आल्यावर पुन्हा रन ही प्रोग्रॅम चालवण्याची आज्ञा दिली असेल.

कळफलकाबद्दल: फ्यूजमध्ये सिलेक्ट बटण दाबले की पडद्यावर कळफलक उमटतो. दिशांच्या बटणांनी कळ निवडायची आणि दाबायची. एका पट्टीला तीनच आकडे लागत असतील तर हे जड जाणार नाही. नाही तर मी प्रोग्रॅममध्ये चार ओळी घालून देते. वरचे बटण दाबले की आकडा वाढेल, खालचे दाबले की कमी होईल.

ट्रंकेतली_कॅसेट

सर्वांचे आभार. शून्य_एक ताई, तुमचे निदान अचूक आहे. चूक आल्यावर मी पुन्हा रन दिले होते. कॅसेटवर दुसरा भाग आहे, त्याच्यापाशी आले की "आर टेप लोडिंग एरर" हा संदेश येतो. सिलेक्टने कळफलक उमटला आणि रव्यांचा आकडा भरता आला. सोळा_रंग यांच्या सूचनेप्रमाणे किनार परत आणली आणि आकडे स्वच्छ झाले.

प्रोग्रॅममध्ये ओळी घालण्याच्या तुमच्या तयारीबद्दल ऋणी आहे, पण वडिलांची एकही ओळ बदलू नये असे मला वाटते. त्यांनी तो कळफलक समोर धरूनच लिहिला आहे. याच कारणाने मी यंत्राला अर्धवट म्हटले होते. हे संगणक चालू केले की रिकामा पडदा समोर येई आणि काहीतरी टाइप केल्याशिवाय पुढे काही होत नसे. आजची यंत्रे चालू केली की खेळांची यादी समोर येते आणि तो रिकामा पडदा शेवटपर्यंत भेटत नाही. मला त्या यंत्रावर आधी तो रिकामा पडदा हवा आहे.

उद्यमनगर_वायंडिंग

कॅसेटबद्दल मी सांगतो, कारण मी टेप दुरुस्तीत पंधरा वर्षे काढली आहेत.

कॅसेटला बुरशी दिसत असेल तर ती मुळीच वाजवू नका; बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते. बुरशी नसेल तर आधी आतली छोटी लोकरी गादी पाहा. जुन्या कॅसेटमध्ये ती सुटून पडते आणि फीत हेडला नीट टेकत नाही. खोके स्क्रूचे असेल तर उघडून गादी बदला. चिकटवलेले असेल तर फितीची दोन्ही चाके दुसऱ्या स्क्रूच्या खोक्यात घाला.

मग हेडचा कोन. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. प्रोग्रॅमचा चिरका आवाज चालू ठेवून तो अगदी थोडा थोडा फिरवायचा आणि आवाज सर्वांत टोकदार, तीक्ष्ण होईल तिथे थांबायचे. ज्या टेपवर कॅसेट भरली गेली त्या टेपचा कोन आणि तुमच्या टेपचा कोन वेगळा असतो, म्हणून हे करावेच लागते. डॉल्बी ही खरखर कमी करण्याची सोय बंद ठेवा. आणि स्टिरिओ डेक असेल तर डावा-उजवा आवाज एकत्र करू नका, कोन जरासा जरी चुकला असेल तरी दोन्ही बाजू एकमेकींना खोडतात. एकच बाजू घ्या, जी स्वच्छ असेल ती.

नियम_आणि_हक्क

कोणी विचारले नाही, पण हा प्रश्न येतोच, म्हणून थोडक्यात लिहितो. स्पेक्ट्रमच्या रॉमचे, म्हणजे त्याच्यात कायमच्या भरलेल्या मूळ प्रोग्रॅमचे, हक्क १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडकडे गेले आणि एम्युलेटरसोबत ती रॉम देण्यास त्या कंपनीने १९९९ मध्ये परवानगी दिली. त्यामुळे फ्यूजसारखे एम्युलेटर निर्धास्त वापरता येतात. अमिगा या दुसऱ्या जुन्या संगणकाच्या किकस्टार्ट रॉमचे तसे नाही, ती विकत घ्यावी लागते. आपल्या १९५७च्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात, म्हणून जुना खेळ दुकानात मिळत नाही एवढ्याने तो मुक्त होत नाही. वडिलांच्या प्रोग्रॅमचा प्रश्नच नाही, तो तुमच्या घरचा आहे.

रंकाळा_वारा

आणखी एक पर्याय राहून गेला होता. जुना निन्टेन्डो डीएस कुठे मिळाला तर पाहा. त्याला दोन पडदे असतात आणि प्रत्येक पडदा बरोबर २५६×१९२ ठिपक्यांचा, म्हणजे स्पेक्ट्रमच्या चित्राएवढाच आहे. खालचा पडदा स्पर्शाचा आहे, त्यावर कळफलक येतो. झेडएक्सडीएस नावाचा एम्युलेटर त्यासाठीच लिहिलेला आहे. ठिपक्याला ठिपका आणि कळफलक कायम समोर, असे दोन्ही एकत्र देणारे दुसरे हँडहेल्ड मला माहीत नाही.

ट्रंकेतली_कॅसेट

दहा दिवसांनी लिहितो आहे. उद्यमनगर_वायंडिंग यांनी सांगितल्याप्रमाणे गादी बदलली, हेडचा कोन लावला आणि उजवी बाजू तेवढी घेतली. सात वेळा ध्वनिमुद्रण केले. मूळ प्रोग्रॅमचा भाग दर वेळी बिनचूक येतो, पण चिन्हांचा भाग अजूनही चुकतो. फाइलमध्ये १६८ बाइट पूर्ण आहेत, तरीही शेवटी पडताळणी जुळत नाही. सातही वेळा चूक एकसारखीच आहे, म्हणजे दोष फितीतच असावा.

शून्य_एक

चूक एकसारखी आहे हे फार चांगले झाले. आता गणित करता येईल.

स्पेक्ट्रम प्रत्येक भागाच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट लिहितो. तो त्या भागातल्या आधीच्या सर्व बाइटांवर एकामागून एक एक्सऑर (दोन बिट, म्हणजे ० किंवा १ हे अंक, वेगळे असले तर १, सारखे असले तर ०) करून काढलेला असतो. तुमच्या फाइलमधल्या बाइटांवर तीच क्रिया करा आणि येणारे उत्तर शेवटच्या बाइटाशी पुन्हा एक्सऑर करा. सगळे बरोबर असते तर शून्य आले असते. जे येईल ते दोन-अंकी पद्धतीत लिहा. त्यात एकच १ असेल तर बहुधा एकच बिट उलटला आहे, आणि तो १ ज्या स्थानावर आहे त्याच उभ्या रकान्यात चूक आहे.

रकाना कळला तरी १६८ ओळी उरतात, पण इथे तुमच्या वडिलांनी आपले काम सोपे करून ठेवले आहे. हे बाइट म्हणजे चित्रे आहेत. २१ चिन्हे चौकटींच्या कागदावर उतरवून काढा आणि त्या रकान्यात कुठे अक्षराला न शोभणारा ठिपका किंवा खड्डा आहे ते डोळ्यांनी शोधा.

ट्रंकेतली_कॅसेट

काल रात्री मुलगी आणि मी बसलो. उत्तर १६ आले, म्हणजे ०००१००००. डावीकडून चौथा रकाना.

महाद्वार रोडवरून चौकटींची वही आणली आणि मुलगी बाइट वाचत गेली तसा मी पेन्सिलीने ठिपके भरत गेलो. पहिले चिन्ह गू निघाले, उकारासह. वडिलांनी दीर्घ उकाराचे शेपूट शेवटच्या ओळीत तीन ठिपक्यांत बसवले आहे. मग ळ, मग र. व आणि वे यांना त्यांनी वेगवेगळी चिन्हे खर्च केली आहेत, तर हमालीमधला ल आणि तोलाईमधला ल एकच ठेवून काना व वेलांटीसाठी निराळे चौकोन घेतले आहेत. २१ची मर्यादा कुठे सैल सोडायची आणि कुठे आवळायची, हे त्यांनी किती विचार करून ठरवले असेल ते चिन्हे हाताने काढताना कळत गेले.

तेरावे चिन्ह हमालीतला ह होता. त्याची पहिली ओळ २३९ आली. मुलीने ती वाचली आणि मी सात ठिपके भरले. चौथा चौकोन रिकामा राहिला. बाकी वीसही चिन्हांची पहिली ओळ २५५ आहे, म्हणजे आठही ठिपके भरलेले. शिरोरेषेत खड्डा होता.

२३९ च्या जागी २५५ लिहिले आणि पडताळणी जुळली. टॅप फाइल हँडहेल्डवर घेतली, पण एम्युलेटरची झटपट लोडची सोय बंद ठेवली. सिलेक्ट दाबून कळफलक आणला, जे दाबल्यावर लोड उमटले, मग दोन अवतरणचिन्हे आणि एंटर. किनारीत लाल-आकाशी पट्टे धावू लागले, मग निळे-पिवळे, आणि तो आवाज. आई आतल्या खोलीतून उठून आली.

तिने ३० किलोचे ४० रवे सांगितले. वजन मी १२०० भरले, दर तिने तेव्हाचा आठवून सांगितला. पडद्यावर हमाली हा शब्द आला तेव्हा मी यंत्र डोळ्यांजवळ नेऊन रेषा पाहिली, सलग होती. आईने चष्मा काढला, रक्कम तोंडी मोजली आणि तोलाई बरोबर वजा झाली आहे का ते पुन्हा एकदा विचारले.

रंकाळा_वारा, डीएस शोधतो आहे. शून्य_एक ताई, २१ चिन्हांचे कागद स्कॅन करून पुढच्या प्रतिसादात टाकतो. कोणाला आपल्या स्पेक्ट्रमवर वापरायचे असतील तर आईची हरकत नाही.